खाच

सर्व्हिसिंगहून आणली त्या संध्याकाळपासून
गाडी माझ्याशी नीट बोलत नव्हती.
मागचं चाक रोज सकाळी अर्धं बसलेलं,
रात्रभर दवाखान्याच्या ओट्यावर जागलेल्या
बाळंतिणीच्या नवऱ्यासारखं.
पायपंप मारायचा, लसीचा डबा पायाशी ठेवायचा,
सावळी, मग नेरी, मग नाल्यापलीकडचा बेडा.
तिथवर पोचेतो पुन्हा मऊ.

पाचव्या दिवशी चष्मा लावून खालीच बसले.
रिमच्या काठाला एक खाच,
बोटाच्या पेराएवढी, आतून चकचकीत, कडा धारदार.
बावीस वर्षं जखमा पाहते मी.
पडून लागलेलं वेगळं दिसतं,
हत्यारानं झालेलं वेगळं.
टायर बदलताना कुणीतरी टॉमी घुसवली होती
आणि तिच्यावर अख्खं अंग टाकलं होतं.

आर्वीला गेले.
शोरूमात एसी, भिंतीवर गाडीवर बसून हसणारं कुटुंब,
टेबलामागं टिपले मॅनेजर.
पाणी दिलं. रिम न पाहताच म्हणाले,
"मॅडम, तुमच्या तिकडचे रस्तेच तसे आहेत ना."

रस्ते तसेच आहेत, हे खोटं नाही.
पण रस्ता टॉमी घेऊन येत नाही.
पिशवीतून जॉबकार्ड काढलं, कागद मी फेकत नाही:
'चाके ठीक', त्यांच्याच शाईत, गाडी आत घेतानाचं.
मग पुढच्या वेळी वीस टक्के सूट देतो म्हणाले.
मग वॉशिंग फुकट.
मग चहा.

मी म्हटलं, साहेब, ऐका.
आमच्याकडं लस टोचल्यावर लेकराला काही झालं
तर आधी कागद भरावा लागतो,
दोष कुणाचा ते मागाहून.
कोणती बाटली, किती वाजता, कुणाचा हात.
माझा हात असला तरी माझ्याच अक्षरात.
एकदा भरलाय मी तसा.
लेकरू वाचलं.
त्या रात्रीचं माझं जेवण अजून कुठंतरी झाकून ठेवलेलं आहे.
तुम्ही एवढंच लिहा, खाच इथं पडली.

टिपले पेन शोधत राहिले.
खिशालाच लावलेलं होतं.

तेवढ्यात मागच्या शटरखालून वाकून एक पोट्टं आलं,
कोपरापर्यंत ग्रीस.
"सर, थे माह्या हातून झालं.
टायर लय कडक होता, मी जोर देल्ला.
सांगनारच होतो, पन..."
पणच्या पुढचं तिथं सगळ्यांनाच माहीत होतं.

लोकेश मसराम, राहणार नेरी.
"सिस्टर, माय म्हनते, मले तुमीच टोचलं होतं."
बाही वर करून दंडावरचा वण दाखवला,
जसं काही बिल दाखवावं.
खरं सांगते, मला आठवलं नाही.
हजारो दंड. रडणं सगळ्यांचं एकच.
तरी हो म्हटलं. त्याचा कागद कुणी मागत नाही.

पोराच्या पगाराला हात लावायचा नाही,
तेही लिहून घेतलं: 'दुकानाच्या खर्चाने.'
टिपल्यांचं अक्षर सुंदर आहे. उगाच लपवत होते.

नवी रिम नागपूरहून यायला अकरा दिवस लागले.
त्यातले दोन बुधवार लोकेशच्या मागं बसून केले,
डबा मांडीवर.
कामावर जायच्या आधी तो मला सोडून द्यायचा.
माझ्या बाटल्यांना धक्का नको म्हणून
इतके खड्डे चुकवायचा की आम्ही रस्त्यावर कमी,
तुऱ्हाट्यांच्या ढिगांमधूनच जास्त गेलो.

आता चाक नवं आहे. हवा धरून आहे.
गाठ येईल, दाबू नका, शेकू नका,
आपोआप जिरते,
सांगते मी अंगणवाडीच्या पायरीवर
एकेका आईला.
आणि रोज सकाळी, दात घासायच्याही आधी,
बाहेर येऊन
अंगठ्यानं टायर दाबून पाहते.